स्वस्तातलं सीओटू रिव्हॉल्व्हर, नोंद ४: चोर ड्रममध्येच होता

सीओटू वायूच्या दाबावर छर्रे मारणाऱ्या या रिव्हॉल्व्हरच्या ड्रमला, म्हणजे फिरत्या चकतीला, छर्‍यांची दहा घरं आहेत. दोष निघाला घर ४ आणि घर ७ मध्ये. फ्लायर, म्हणजे बाकीच्यांपासून भरकटून पडणारे छर्रे, तिथूनच येत होते.

मागच्या नोंदीतला ग्रुप, म्हणजे एका टार्गेटवर पडलेल्या छर्‍यांचा झुबका, असा होता: ७ मीटर, १० छर्रे, पसारा ५२ मिमी. त्यातले खाली-डावीकडे भरकटलेले दोन वगळले तर २४. प्लास्टिक बॉडीला नावं ठेवून तिप्पट किमतीचं मेटल-बॉडीवालं घ्यायचं मनात येतं ते याच टप्प्यावर. पण दहातले आठ एकत्र पडत असतील तर नळी आणि साइट नीट आहेत. बिघाड दर फेरीला ठरावीक ठिकाणी परत येतोय, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये फेरी मारणारी वस्तू एकच.

चाचणी कंटाळवाणी आहे. ड्रमवर नेलपॉलिशने १ ते १० आकडे, समोर १० वेगळी टार्गेटं, प्रत्येक घराचे ५ छर्रे त्याच्याच कागदावर. एकूण ५० शॉट, सीओटूच्या १२ ग्रॅमच्या दोन बाटल्या. एकीत उरकायला जाऊ नका, शेवटच्या दहा-पंधरा शॉटना दाब घसरतो आणि निकाल गढूळ होतो. घोडा प्रत्येक वेळी अंगठ्यानेच मागे घ्यायचा. डबल ॲक्शनच्या, म्हणजे घोडाही स्वतःच मागे ओढणाऱ्या, जड ट्रिगरने हात हलला की दोष कोणाचा ते कळत नाही. दोन शॉटमध्ये १५ सेकंद थांबायचं, कारण द्रवाचा वायू होताना बाटली गार पडते.

उन्हाळ्यात ही चाचणी का फसली तेही आता कळतंय. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहतच नाही, आणि मेमधल्या ठाण्यात खोली त्याच्या वर असते. दाब इतका चढतो की हलका घोडा वायू सोडणारा व्हॉल्व्ह पुरता उघडू शकत नाही, मग शॉट उलट मवाळ पडतो. पावसाळ्यात २७ अंशांना दाब साधारण ६७ बार राहतो, तेव्हा गणित जमतं. भरलेली बाटली उन्हात उभ्या गाडीत मात्र कधीच ठेवायची नाही.

पहिला संशय वेगावर होता. क्रोनोवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, ४ आणि ७ चे आकडे कमी आलेही: इतर घरं १२० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, ही दोन १०५. पण हिशेब करून पाहा. ७ मीटरमध्ये १२० ला छर्रा सुमारे १७ मिमी खाली येतो, १०५ ला सुमारे २२. फरक ५ मिमी, आणि फ्लायर ३० मिमी लांब. शिवाय कमी वेगाने छर्रा खाली जाईल, डावीकडे कशाला जाईल? म्हणजे तो नळीत शिरतानाच वाकडा होतोय.

जुन्या साड्यांच्या चिंध्या ठासलेल्या खोक्यातून छर्रे वेचले आणि भिंगाखाली धरले. ४ आणि ७ च्या छर्‍यांची एक कड चंद्रकोरीसारखी तासली गेली होती. मग बाटली काढून, ड्रम रिकामा करून, नळीच्या तोंडातून बारीक टॉर्च मारला. इतर घरांत प्रकाशाचा पूर्ण गोल, या दोन घरांत एका बाजूला काळी कोर. ड्रमला घरागणिक फिरवणारे दाते साच्यातूनच जरा पुढेमागे आलेत, त्यामुळे घर नळीसमोर नेमकं थांबत नाही. तासलेलं शिसं नळीच्या मागच्या तोंडावर चिकटतं आणि हळूहळू बाकीच्या घरांनाही बिघडवतं. म्हणून दर २०० शॉटनंतर तिथे कापडाचा बोळा फिरवायचाच.

दात्यांना कानस लावायचा मोह आवरा. एकदा जास्त घासलं की ड्रम ढिला पडतो आणि दोनाऐवजी दहा घरं चोर होतात. आधी सुटे ड्रम मागवायचं ठरलं होतं. स्वस्त मॉडेलची खरी कमाई तीच: तीन ड्रम घ्या, टॉर्चने तपासा, चांगला ठेवा, तरी महागड्याच्या निम्म्यातही पोचत नाही. (विक्रेता ड्रम ‘ॲक्सेसरी’ म्हणून विकतो आणि तपासून द्यायला नकार देतो, ते वेगळं दुखणं.)

पण ही नोंद अर्धी झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आतापर्यंतचे सगळे छर्रे चपट्या डोक्याचे होते. कागदात स्वच्छ भोक पाडतात, पण त्यांची धारदार कडच आधी अडकते. गोल डोक्याचा छर्रा नळीच्या तोंडावर आदळून स्वतःच मध्यावर सरकायला हवा. लगेच ४ आणि ७ मध्ये प्रत्येकी ५ गोल डोक्याचे भरले, बुडं बोथट काडीने ड्रमच्या पातळीला दाबून. फ्लायर ३० वरून ११ मिमीवर आला. कागद फाटका दिसतो, पावसाळी दमट कागद तर जास्तच, पण मोजता येतं.

त्यामुळे ड्रमची ऑर्डर तूर्त थांबवली आहे. पुढची फेरी दहाही घरांत गोल डोक्याचे छर्रे घालून, आणि या वेळी ट्रॅपचा, म्हणजे छर्रे अडवणाऱ्या त्या खोक्याचा, चिंध्यांचा थर दुप्पट करून. हे छर्रे जास्त खोल शिरतात, मागचा पत्रा वाजायला लागला आहे. गॉगल अर्थातच.