बीटस्टेप प्रोला जोडीदार सॅम्पलर: ब्लॅकबॉक्स का घेतला आणि रूपक तालाचं काम कुठवर आलंय

मंडळी, सॅम्पलरचं (रेकॉर्ड केलेले आवाज साठवून वाजवणारं यंत्र) एकदाचं ठरलं. सिक्वेन्सर, म्हणजे कुठला आवाज कधी वाजवायचा ते ठरवणारं यंत्र, माझ्याकडे आधीपासून आहे, आर्टुरियाचा बीटस्टेप प्रो, २०१५चं मॉडेल म्हणजे तसं जुनंच, पण दोन मेलडी सिक्वेन्स आणि वर १६ लेनचा (एका आवाजाला एक ओळ) ड्रम सिक्वेन्स, लांबी ६४ स्टेपपर्यंत (स्टेप म्हणजे तालाचं एक घर) हवी तेवढी, त्यामुळे तो बदलायचा विचारही नाही. मला करायचंय ते एवढंच की लॅपटॉप न उघडता तबला-डग्ग्याचे बोल आणि पेटीचे सूर यांच्यावर बसून काम करता यावं.

आता सॅम्पलरचे व्हिडिओ बघायला घेतले की सगळे त्याच्या आतला सिक्वेन्सर, इफेक्ट्स, पॅड यांच्याबद्दल बोलतात. मला त्यातलं अर्धंअधिक लागणारच नव्हतं. माझे प्रश्न वेगळे होते: बाहेरून मिडीने (यंत्रांनी एकमेकांना नोटा पाठवायची पद्धत) आलेली नोट हा डबा कशी घेतो, एकाच चॅनलवरून (मिडीतला क्रमांक दिलेला मार्ग) सगळे आवाज वाजतात का, नोट बदलली तर सूर बदलतो का, आणि एक आवाज दुसऱ्याला कापू शकतो का. हा शेवटचा मुद्दा तबल्यासाठी फार म्हणजे फारच महत्त्वाचा आहे. खुला 'गे' घुमत असताना डग्ग्यावर 'क' पडला की घुमारा तिथल्या तिथे थांबला पाहिजे. तो मागे वाजत राहिला तर तबला ऐकणाऱ्या माणसाला लगेच खटकतं. याला चोक ग्रुप म्हणतात, काही ठिकाणी म्यूट ग्रुप.

सुरुवात मित्राच्या कॉर्ग व्होल्का सॅम्पलपासून केली, २०१४चा पहिला. आवाज ३१.२५ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ३१,२५० नमुने) चालतो, त्यामुळे चाटीची (तबल्याच्या काठाची) धार थोडी बोथट होते पण ते कानाला गोड लागतं, खरंच. अडचण वेगळीच आहे. त्याचे १० पार्ट (एकेका आवाजाची जागा) १० वेगळ्या मिडी चॅनलवर ऐकतात आणि बीटस्टेपचा ड्रम सिक्वेन्स सगळ्या लेन एकाच चॅनलवर पाठवतो, म्हणजे मध्ये चॅनल बदलून देणारं काहीतरी लावा. शिवाय मूळ फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) नोट कुठलीही पाठवा, पार्ट आपल्याच सुरात वाजतो, मग पेटी विसरा. व्होल्का सॅम्पल २ मध्ये कॉर्गने सिंगल चॅनल मोड दिलाय, तालापुरतं स्वस्तात काम करायचं असेल त्यांनी तो जरूर बघा.

मग एलेक्ट्रॉन डिजिटॅक्ट, २०१७चा. हे मशीन मला मनापासून आवडतं. नोट ० ते ७ पाठवल्या की आठही ट्रॅक एका चॅनलवरून वाजतात, बीटस्टेपच्या लेनना त्या नोटा आर्टुरियाच्या मिडी कंट्रोल सेंटर या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधून देता येतात. पण दोन ट्रॅकमध्ये चोक ग्रुप नाही. त्याच्याच सिक्वेन्सरवर एका ट्रॅकमध्ये प्रत्येक स्टेपला वेगळं सॅम्पल लावून हे जमतं, मात्र मग बीटस्टेप बाजूलाच ठेवावा लागतो. आणि किमतीत आठ मिडी ट्रॅकचा सिक्वेन्सरही आलेला असतो जो मला नकोय. ज्यांच्याकडे सिक्वेन्सर नाहीये त्यांनी डोळे मिटून हा घ्यावा. एलेक्ट्रॉनच्याच मॉडेल:सॅम्पल्सला ऑडिओ इनपुट नाही, स्वतः काही रेकॉर्ड करत नाही, म्हणून तो लगेच बाद.

रोलँड एसपी-४०४ एमके टू (२०२१) वर बराच काळ अडकलो होतो. १६ पॅड, ३२ आवाज एकदम वाजतात, १६ जीबी मेमरी, सहा एए सेलवर चालतो, म्यूट ग्रुप आहेत, रिसॅम्पलिंगला (वाजलेलंच परत रेकॉर्ड करणं) तर तोड नाही. पण त्याची मजा हातात घेऊन वाजवण्यात आहे, इफेक्ट दाबून धरायचा, सोडायचा, परत रेकॉर्ड करायचं. माझ्याकडे तो टेबलावर मागे बसून नोटा घेत राहिला असता. जोडणार असाल तर एक लक्षात ठेवा, बीटस्टेपचा छोटा मिडी जॅक टाइप बी आहे आणि रोलँडचा टाइप ए (आतली जोडणी उलटी), त्यामुळे साधी स्टिरिओ केबल लावून काहीच वाजणार नाही. दोन्हीकडे आपापले अडॅप्टर आणि मध्ये पाच पिनची केबल, असंच करा.

शेवटी १०१०म्युझिकचा ब्लॅकबॉक्स, सेकंडहँड. हातावर मावतो, टचस्क्रीन आहे, सॅम्पल मायक्रोएसडी कार्डवरून थेट वाचतो त्यामुळे लांब रेकॉर्डिंगची चिंता नाही. पॅड नोट ३६ ते ५१ वर ऐकतात आणि बीटस्टेपच्या १६ लेनही मुळात त्याच नोटा पाठवतात, म्हणजे लेन एक म्हणजे पॅड एक, सेटिंग जवळपास शून्य. कुठल्याही पॅडला वेगळं चॅनल देऊन तो सुरांत वाजवता येतो, आणि चोक ग्रुप आहेत!! 'गे' आणि 'क' एका ग्रुपमध्ये टाकले आणि ठेका एकदम जिवंत वाटायला लागला.

सध्या रूपक लावलाय. सात मात्रा, मात्रेला चार स्टेप धरून २८ स्टेप, शेवटची स्टेप २८ ठेवली की झालं. ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या तीन मात्रांत डग्गा गप्प, तो येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला, म्हणजे स्टेप १३ आणि २१. बीटस्टेपवर प्रत्येक स्टेप नॉबने किंचित मागेपुढे सरकवता येते, दुसरा 'धी' जरासा मागे ओढला की ठेक्याला वजन येतं. डग्ग्याची मींड मात्र मी पिच बदलून करत नाही, मींडेसकट वेगळं सॅम्पल घेतलंय. तबला काळी एकला लावून रेकॉर्ड केलाय, सॅम्पलरमध्ये सूर एक-दोन स्वर वरखाली चालतो, त्यापुढे शाईचा आवाज खोटा वाटतो कारण सुराबरोबर लांबीही बदलते.

टायमिंगची शंका येईलच म्हणून सांगतो. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, तीन बाइटची एक नोट जायला जेमतेम १ मिलिसेकंद लागतो. एका स्टेपवर चार आवाज असले तरी शेवटचा साधारण ३ मिलिसेकंद मागे, कानाला कळत नाही. जास्त त्रास पॉवरचा आहे, दोन्ही मशीन यूएसबीवर चालतात आणि एकाच हबला लावली तेव्हा बारीक शिट्टी ऐकू येत होती, ब्लॅकबॉक्सला वेगळा चार्जर दिला आणि ती गेली.

आता पेटी बाकी आहे. दोन रीड एकत्र वाजताना सुरात ती हलकी लाट येते ना, लूप (तोच तुकडा परत परत वाजवणं) लाटेच्या बरोबर त्याच ठिकाणी जोडला नाही तर दर वेळी झटका ऐकू येतो. सध्या एकाच रीडवर रेकॉर्ड करून काम भागवतोय पण मला दोन रीडचाच भरलेला आवाज हवाय. कोणी पेटी किंवा अकॉर्डियनचा लूप नीट बसवला असेल तर लूप किती लांब ठेवला आणि क्रॉसफेड (लूपचा शेवट आणि सुरुवात एकमेकांत मिसळणं) कुठे केला ते सांगा, कॉम्प्युटरवर आधी करून मग कार्डवर टाकलं असेल तरी चालेल.