उत्तर बरोबर, पायरी चूक, मार्क किती?

वर्गसमीकरणांचे पेपर तपासताना माझा हात सहसा थांबत नाही. उणे कंस सोडवताना चिन्ह कुठे हरवणार, वर्गमूळ काढताना ± मधलं वजा कुठे गायब होणार, सगळं आधीच माहीत असतं. पण परवाच्या चाचणीतला एक पेपर अजून डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न होता (क्ष + ३)(२ − क्ष) = ४. मार्क तीन. कंस सोडवून सगळं एका बाजूला आणलं की क्ष² + क्ष − २ = ०, अवयव (क्ष + २)(क्ष − १), उकली १ आणि −२. या पठ्ठ्याने थेट लिहिलं, क्ष + ३ = ४ किंवा २ − क्ष = ४, म्हणून क्ष = १ किंवा −२. खेळ खल्लास! वर पडताळाही, ४ × १ = ४ आणि १ × ४ = ४.

आता ही चूक नेहमीचीच आहे, गुणाकार शून्य असेल तरच एखादा अवयव शून्य असणार असं म्हणता येतं, ४ असेल तर २ गुणिले २ पण चालतं आणि ८ गुणिले अर्धा पण, हे सांगून सांगून घसा बसतो. एरवी उत्तरच चुकतं म्हणून पोरं पकडली जातात. इथे नाही.

स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, उत्तर जुळतंय ना, द्या तीन. (हे उत्तरसूची शेजारी ठेवून फक्त शेवटची ओळ बघतात.) एक मॅडम म्हणाल्या, सरळ शून्य.

मी पोराला बोलावून (क्ष − १)(क्ष − २) = १२ दिलं. त्याने तसंच करून १३ आणि १४ काढले, पडताळ्यात १३२ आणि १५६ आले, खरी उत्तरं ५ आणि −२. गप्प झाला आणि मग म्हणाला, "मग सर, त्यात कसं जमलं?"

हा प्रश्न स्टाफरूममध्ये कुणीच विचारला नव्हता. जमलं कारण (क्ष + ३) आणि (२ − क्ष) यांची बेरीज कायम ५, क्ष काहीही घ्या. बेरीज ५, गुणाकार ४ म्हणजे संख्या ४ आणि १ च. एक कंस ४ धरला की दुसरा आपोआप १ होतो. पेपर काढणाऱ्याने ४ च्या जागी ६ घेतले असते तर हीच पद्धत ३ आणि −४ देऊन तोंडावर आपटली असती, खरी उत्तरं ० आणि −१. पण आकडे निवडताना चुकीच्या वाटेने कोण जाऊन बघतो! पोराने मात्र लगेच स्वतःचं बनवलं, (क्ष + ६)(२ − क्ष) = ७, उत्तरं १ आणि −५. बरोबर आहे, बेरीज ८.

राहिले मार्क. पहिली ओळ चूकच. पण पडताळा केलाय म्हणजे दोन्ही उकली खऱ्या हे त्याने सिद्ध केलंय, आणि वर्गसमीकरणाला दोनपेक्षा जास्त उकली नसतात, एवढं एक वाक्य त्याने लिहिलं असतं तर ती अंदाज करून तपासलेली पूर्ण उकल झाली असती. अवयव पाडणाऱ्याला ते वाक्य लिहावं लागत नाही, त्याच्या पायरीतच ते येतं. म्हणून एक कापून दोन दिलेत आणि पहिल्या ओळीला लाल गोल केलाय. तीनवाल्या सरांना ते पटलेलं नाही, शून्यवाल्या मॅडमनाही नाही.