कागदावरची चौथी

फाइलवर लिहिलं होतं: वय ५७, शिक्षण चौथी, स्मृती-आकलनाच्या चाचणीत गुण ३० पैकी १६, निदान स्मृतिभ्रंश. रोज रात्री डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरच्या औषधाची पाच मिलिग्रॅमची गोळी चालू. गोळी सुरू झाल्यापासून मळमळ आणि जेवणावरची वासना उडालेली, म्हणून लेक त्यांना आमच्या स्मृतिभ्रंशाच्या ओपीडीत घेऊन आली होती.

कागद-पेन्सिल बाहेर काढण्याआधी मी एक प्रश्न विचारतेच. "मावशी, दहा वर्षांच्या होता तेव्हा कुठं राहत होता?" त्यामागोमाग बाकीचे येतात: शाळा किती लांब, पाणी कुठून, खायला काय, धुराची चूल, गोवर, हिवताप, झटके, डोक्याला मार. दहा मिनिटांचं काम, पण बहुतेक फाइलींत याची एक ओळही नसते.

"कोपीत," मावशी म्हणाल्या. म्हणजे ऊसतोडीवरच्या तात्पुरत्या झोपडीत.

आईबाप बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. दिवाळी आटोपली की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागायचं, परतायचं ते गुढीपाडव्याच्या पुढं. शाळेच्या पटावर नाव चौथीपर्यंत, पण निम्मं वर्ष फडाच्या कडेला धाकट्यांना सांभाळण्यात जायचं. "गावी आलं की मास्तर फुडच्या वर्गात बसवायचे. वाचाया काय जमलंच न्हाई," त्या म्हणाल्या. वयाचंही तेच. आधारवर जन्मतारीख १ जून, म्हणजे कुणीतरी अंदाजानं टाकलेली. १९७२ च्या दुष्काळात धाकट्या भावाला काखेला मारून त्या आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या. तिथली सुकडी आणि मिलो ज्वारीची लाल भाकरी त्यांना लख्ख आठवते. तेव्हा आठ वर्षांच्या तरी असणार. म्हणजे आज एकसष्टीच्या आत नाहीत.

मग जुना १६ चा आकडा सुटा करून पाहिला. १०० मधून सात-सात वजा करण्याचे ५ गुण, वाचून कृती करण्याचा १, वाक्य लिहिण्याचा १, एकमेकांत अडकलेले पंचकोन काढण्याचा १. या आठांपैकी शून्य. तारीख, सन आणि इमारतीचा मजला चुकल्याचे ३ गेले. सांगितलेले तीन शब्द थोड्या वेळानं आठवण्यात ३ गेले. गेलेल्या १४ गुणांपैकी किमान आठ तरी शाळेनं द्यायचे होते, ते मेंदूनं गमावलेले नव्हते. पेन्सिल त्यांनी मुठीत धरली होती, खुरपं धरावं तशी.

फेरतपासणीआधी कान पाहिले. दोन्हीकडे मळ घट्ट बसलेला. तो काढल्यावरच पुढं गेलो, कारण ऐकूच न आलेला शब्द कुणाला आठवणार? हरियाणात बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी एक हिंदी चाचणी बेतली गेली होती, तिच्या धर्तीवर मराठीत विचारलं. सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे. वाचून कृती करण्याऐवजी मी डोळे मिटले, त्यांनी पाहून मिटले. लिहिण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य बोलायचं. पंचकोनांच्या जागी काडेपेटीच्या चार काड्या: मी आकृती मांडायची, त्यांनी तशीच शेजारी मांडायची, गुलाची टोकंसुद्धा त्याच दिशेला. चारही आकृत्या बरोबर आल्या. वार उलटे म्हणताना मात्र बुधवारपाशी गाडी दोनदा अडली आणि तीनपैकी एकच शब्द आठवला. म्हणजे काहीतरी बिघडलं होतं, हे खरंच.

लेकीला वेगळं बसवून विचारलं: दहा वर्षांपूर्वीच्या आईच्या तुलनेत आज काय जमत नाही? रेशन, बाजारहाट, एसटी, पैशांचा हिशेब. सगळं ठीक होतं. आठ महिन्यांपूर्वी वडील वारले, तेव्हापासून घसरलं. रक्तात बी-१२ फक्त १३२ पिकोग्रॅम, हिमोग्लोबिन ९.४. थायरॉईड ठीक. बी-१२ ची इंजेक्शनं, लोह आणि दुःखावर समुपदेशन सुरू झालं. आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी डोनेपेझिल थांबवलं.

मी गुडघ्याची उंचीही मोजते: गुडघा काटकोनात, टाचेपासून मांडीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत. लहानपणी अन्न कमी पडलं की पायांची वाढ खुंटते, आणि आखूड पायांचा स्मृतिभ्रंशाशी संबंध काही देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. मावशींची ४२ सेंटिमीटर भरली. एका माणसाचं निदान यावरून करायचं नसतं. मी ते बालपणाची नोंद म्हणून लिहून ठेवते.

चाचणी अन्यायाची होती, म्हणून बालपणानं काहीच नुकसान केलं नाही असं म्हणता येत नाही. भारतातल्या वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या लासी-डॅड पाहणीत साठीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आलं, आणि ते स्त्रिया, खेडी व शाळा न शिकलेल्यांत जास्त. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंश आयोगाच्या २०२४ च्या अहवालातल्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत कमी शिक्षण आहेच. शिक्षणानं मेंदूत शिल्लक साठते आणि ती म्हातारपणी खर्चायला मिळते. कोपीतल्या मुलीची शिल्लक मुळात तोकडी. स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांची १९४७ मध्ये बुद्धिचाचणी झाली होती. त्यांतल्या एडिंबरा परिसरातल्या अनेकांना सत्तरीत पुन्हा तपासलं. लहानपणी आणि पुढंही ज्यांच्या घराजवळ बागा जास्त होत्या, त्यांची घसरण काहीशी मंद दिसली. तिथं अकराव्या वर्षीचा आकडा हाताशी असल्यानं आधीच कमी असणं आणि नंतर कमी होणं वेगळं काढता येतं. मावशींचा असा आकडा नाही. म्हणून लेकीची साक्ष, कोपीची हकिकत आणि काड्या यांवरच भिस्त.

चार महिन्यांनी बी-१२ भरून आलं. वार न अडखळता उलटे म्हटले, तीनपैकी दोन शब्द आठवले. तिसरा अजून सुटतो, तेव्हा वर्षानं याच चाचण्या, याच क्रमानं, कान तपासूनच. अहवालातली शिक्षणाची ओळ मी बदलली: 'पटावर चौथी, दरवर्षी निम्मं वर्ष ऊसतोडीवर, वाचता-लिहिता येत नाही.'