एकटीपुरता तंबू

रतनगडाच्या बाजूने कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, तिथून पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड ही वाट तीन दिवसांत एकटीने चालायची असे मी ठरवले, तेव्हा सर्वांत आधी प्रश्न उभा राहिला तो रात्रीच्या आडोशाचा. दोन्ही गडांवर गुहा आहेत, पण सुट्टीच्या दिवसांत त्या भरलेल्या असतात आणि मधल्या मुक्कामाला त्यांचा उपयोगही नाही. माझ्याकडे होता तो दोघांचा घुमटाकार तंबू. सामान तोलायचा वजनकाटा स्वयंपाकघराच्या दाराला टांगून मी तो तोलला, तर मेखा, तणावे आणि पिशवी धरून २ किलो ७०० ग्रॅम भरला. सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका दुखऱ्या गुडघ्यासह, दोन माणसांचे घर एकटीने पाठीवर वाहण्यात मला अर्थ दिसेना.

पहिला विचार आला तो नुसत्या ताडपत्रीसारख्या हलक्या कापडाचा. अमेरिकेतील एमा गेटवुड यांनी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, ॲपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट एकटीने पूर्ण केली, तेव्हा पावसापासून बचावासाठी त्यांच्याजवळ न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता. त्यांच्याविषयी वाचल्यापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे. तरीही आपल्या सह्याद्रीत दगडाखाली विंचू आणि वाळल्या पाचोळ्यात फुरसे असू शकते, आणि तळ नसलेल्या आडोशात मला निर्धास्त झोप लागणार नाही, हे मी स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य केले. झोळीलाही नकार दिला, कारण सड्यावर दोन भक्कम झाडे योग्य अंतरावर मिळतीलच याचा भरवसा नसतो. राहिला तो चालायच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू. उतारावर गुडघ्यासाठी मी दोन काठ्या वापरतेच, मग तंबूच्या कांबी वेगळ्या कशाला वाहायच्या?

हा प्रकार ठरला तरी निवड संपली नव्हती, उलट खरी तेव्हाच सुरू झाली. जाहिरातीतले वजन बहुधा नुसत्या कापडाचे आणि दोऱ्यांचे असते. मेखा आणि पिशवी त्यात धरलेल्या असतातच असे नाही. लांबीचेही तसेच आहे. तळ २२० सेंटीमीटर लांब असला, तरी छत दोन्ही टोकांना उतरते असल्यामुळे आणि चटई आपल्याला पाच-सहा सेंटीमीटर वर उचलत असल्यामुळे पायाची बोटे किंवा कपाळ कापडाला लागू शकते. म्हणून मी चटईवर मांडी घालून बसले आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मुलाकडून मोजून घेतली. ती ९० सेंटीमीटर भरली. यापेक्षा निदान १० सेंटीमीटर उंच नसलेला तंबू पाहायचाच नाही, असा नियम केला आणि त्यामुळे यादी पुष्कळ लहान झाली.

एका परिचितांकडून मी एकपदरी, म्हणजे कापडाचा एकच थर असलेला, तंबू आठवडाभरासाठी मागून आणला. सगळे मिळून वजन अवघे ८२० ग्रॅम. गच्चीवर, मेखांच्या जागी विटा ठेवून, मी तो सहा वेळा उभा केला. सहाव्या वेळी चार मिनिटांत जमले आणि मी मनाने तो जवळजवळ विकतच घेतला. नोव्हेंबरच्या एका शनिवारी तो घेऊन कुमशेतला गेले. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्यामुळे मी मुक्काम गावालगत आणि जागेच्या मालकांना विचारूनच करते. कापणी झालेले भातखाचर मला आवडले, कारण ते सपाट होते आणि मेख हाताने जाईल इतकी माती होती. मालकांच्या घरच्या आजी म्हणाल्या, “ताई, खाचरात नको, तिथं रातची धुई उतरती. वर आंब्याखाली निजा.” मी त्यांचे ऐकले नाही.

पहाटे तीनच्या सुमारास पायांना गार लागले म्हणून जाग आली. छताच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब साचले होते आणि झोपपिशवीचे पायाकडचे टोक कापडाला टेकून चिंब झाले होते. पाऊस नव्हता, आकाश स्वच्छ चांदण्यांचे होते, आणि नेमके तेच कारण होते. ढग नसलेल्या रात्री तंबूचे पातळ कापड आकाशाकडे उष्णता टाकत भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते; गार, जड हवा खोलगट खाचरात साचते; तिच्यातली आणि आपल्या श्वासातली वाफ त्या कापडावर पाणी होऊन बसते. झाडाचे छत आणि चार हात उंच जागा एवढ्यानेही हे पुष्कळ कमी होते, आणि आजींना ते आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत होते. माझी झोपपिशवी पिसांची असल्यामुळे भिजलेल्या भागात ऊब उरली नाही. तोपर्यंत मी तंबू किती पाऊस अडवतो एवढेच विचारत होते. आपल्याकडे डोंगरात मुक्काम करायचे दिवस कोरडे असतात, तेव्हा दवाचे काय करायचे हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

त्यानंतर मी फक्त दुपदरी तंबू पाहिले. त्यातही दव धरतेच, पण ते बाहेरच्या पदराच्या आत धरून खाली ओघळते आणि आतला पदर आपल्याला त्यापासून दूर ठेवतो. आतला पदर नुसत्या जाळीचा असतो किंवा खालून अर्ध्यापर्यंत कापडाचा. मी दुसरा घेतला, कारण वाळलेल्या शेतातली धूळ वाऱ्याबरोबर जाळीतून सरळ अंगावर येते. कापडाच्या बाबतीत नायलॉन सोडून सिलिकॉनचा लेप दिलेले पॉलिएस्टर निवडले. नायलॉन ओलाव्याने ताणले जाऊन सैल पडते आणि मध्यरात्री उठून तणावे पुन्हा ओढावे लागतात, पॉलिएस्टरचे तसे फारसे होत नाही. डायनिमा या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचे कापड पाणी शोषत नाही आणि फार हलके असते, पण त्याच्या तंबूची किंमत दुप्पट-तिप्पट पडत होती आणि तेवढे पैसे मला द्यायचे नव्हते. मी घेतलेला तंबू आठ मेखांसह १ किलो ६० ग्रॅम भरतो. मागून आणलेल्यापेक्षा २४० ग्रॅम जास्त, आणि ते मी विचारपूर्वक स्वीकारले.

डिसेंबरमध्ये तीच वाट पूर्ण केली. कुमशेतला आंब्याखाली झोपले आणि झोपपिशवी कोरडी राहिली. पाचनईला वेगळी अडचण आली: चार बोटे माती आणि खाली कातळ, त्यामुळे मेखा वाकू लागल्या. काठ्यांवर उभा राहणारा तंबू मेखांच्या ताणावरच तोललेला असतो, ही त्याची खरी उणीव आहे आणि घेणाऱ्याने ती आधीच जाणून घ्यावी. मी तणाव्याच्या फासात आडवी काटकी घातली, तिच्यापुढे, तंबूच्या बाजूला, मोठा दगड टेकवला, आणि अरुंद टोक वाऱ्याकडे केले. कापड रात्रभर फडफडले, पण दगड हलले नाहीत. सकाळी बाहेरचा पदर ओला होता. तो वेगळा गुंडाळून पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घातला आणि अकराच्या उन्हात गडाच्या वाटेवरील कातळावर पसरला. मी डबा संपवेपर्यंत तो कोरडा झाला होता.