काठावरून बघ

नववीत विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला होता, वल्हं ही कुठल्या प्रकारची तरफ. माझा हक्काचा प्रश्न, कारण अख्ख्या वर्गात पहाटे रोइंग करून येणारा मी एकटाच (आणि पहिल्या तासाला झोपणाराही मीच). ठोकून दिलं, पहिला प्रकार, टेकू म्हणजे ओरलॉक, जिथे वल्हं फिरतं. सरांनी दोन मार्क कापले. भांडायला गेलो, म्हटलं सर मी रोज बसतो हो त्या बोटीत, तर म्हणाले, तोच तर घोळ आहे, बोटीतून नको, काठावरून बघ. काठावरून पाहिलं तर पातं पाण्यात जवळपास जागच्या जागी रुतलेलं असतं आणि सरकते ती बोट, म्हणजे टेकू पाण्यात, भार मधे, बल हाताशी, दुसरा प्रकार. तेव्हा काही पटलं नाही.

पुढे बरीच वर्षं एटमध्ये, म्हणजे आठ जणांच्या बोटीत वल्हवलं. प्रत्येकाला एकच वल्हं, नववा कॉक्स, म्हणजे सुकाणू सांभाळून हाका देणारा, 2000 मीटर म्हणजे सहा मिनिटांच्या आसपासचा खेळ. लोकांना वाटतं दंडाचं काम, पण खरा जोर पायांचा, सीट रुळावर सरकते ती त्यासाठीच. आणि आमची पाठ कायम फिनिशकडे. दिसतात ते फक्त प्रत्येक वल्ह्याने मागे सोडलेले पाण्यातले भोवरे, त्यातला एखादा पुसट दिसला की समजायचं कुणीतरी हात चोरतोय. बोटीत बसून मात्र प्रत्येकाला वाटतं आपणच सगळ्यात जास्त ओढतोय, मलाही वाटायचं.

गुडघा गेला आणि रोइंग सुटलं, त्यावर जास्त लिहीत नाही. वेल्डिंग, लेथ शिकलो आणि पेरणी यंत्रं बनवायला लागलो. नऊ फणांचं पहिलं मशीन, जमिनीवर फिरणारं चाक चेनने रोलर फिरवतं, रोलर पेटीतलं बी मोजून नळीत सोडतो, नळीतून फणामागे सरीत. ट्रायलला मी स्वतः ट्रॅक्टरवर, चाक फिरतंय, चेन फिरतेय, पेटीतलं बी कमी होतंय, मी खूश. उगवण झाल्यावर शेतकऱ्याने बोलावून घेतलं. आठ ओळी हिरव्यागार आणि पाचवी या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी. फणाचं तोंड ओल्या मातीने बुजलं होतं आणि बी नळीतच तुंबलेलं. तो बिचारा ओरडला पण नाही, नुसता बांधावर उभा राहून म्हणाला, साहेब तुम्ही तिकडून नाही, इथून बघा.

मला एकदम शाळेचा वर्ग आठवला हो!

त्यानंतर नळ्या पारदर्शक केल्या, बी पडताना बाहेरून दिसलं पाहिजे. फणाचं तोंड मागून उघडं ठेवलं, माती अडकली तर काडीने पण निघते. आणि ट्रायलला मी ट्रॅक्टरवर बसत नाही, मशीनच्या मागे चालतो आणि दर थोड्या अंतरावर सरी उकरून बी मोजतो. नवीन पोरं हसतात, मालक असून चिखलात काय चालतोय म्हणून. चालू दे.

सर, हे वाचत असाल तर, तुमचं बरोबर होतं, वल्हं दुसऱ्याच प्रकारची तरफ. पण काठावरून बघायचं हे पेपरात कुठे लिहिलं होतं? निदान एक मार्क तरी द्यायला हवा होता.