पावसाळ्यानंतर ब्रेक: आधी मागचे ड्रम

गाडी पुढे डिस्क, मागे ड्रमवाली. गगनबावडा-दाजीपूरकडचा चिखल खाऊन आलेल्या गाडीचे बहुतेक जण पुढचे पॅड बघतात आणि थांबतात. डिस्कवरचा चिखल फिरता फिरता झडतो. ड्रममध्ये शिरलेला तांबडा गाळ मात्र आतच वाळतो आणि लायनर (ड्रमला आतून दाबणाऱ्या शूवरची घर्षणाची पट्टी) आणि ड्रम दोन्ही घासतो.

हँडब्रेक सोडून, पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावून ड्रम काढला. अडकला तर आधी अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) ढिला करायचा, मग ड्रमच्या आटेवाल्या भोकांत दोन बोल्ट सारखे पिळायचे. कडेवर हातोडा नको, बीड आहे, तडकतं. आतली धूळ हवेने उडवू नका. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

व्हील सिलिंडरची (शू ढकलणाऱ्या सिलिंडरची) रबरी टोपी जरा उचलून बघितली: कोरडी, म्हणजे ब्रेक ऑईल गळत नाही. तरी एका बाजूचा लायनर ओला. जाडसर, उग्र वासाचं म्हणजे गिअर ऑईल. दोष एक्सलच्या सीलचा (ऑईल अडवणाऱ्या रबरी कड्याचा). तापलेला एक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर (एक्सलमधली हवा आत-बाहेर जायची वाट) चिखलाने बुजला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं, गाळाने सीलचा ओठ झिजतो. ब्रीदर मोकळा न करता नुसता सील बदलणं म्हणजे पुन्हा तेच काम. एक्सलचं ऑईल दुधाळ दिसलं तर तेही बदला. भिजलेले लायनर रॉकेलने धुऊन चालवू नका, तापल्यावर ऑईल परत वर येतं. दोन्ही बाजूंचे नवे घातले.

ड्रमला चर पडले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टर्निंग मारून मिळतं, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आतच, आणि दोन्ही ड्रम सारखे.

पुढच्या ब्रेकमध्ये फारसं काही नाही. पॅडचं मटेरियल ३ मिमीच्या वर आहे. कॅलिपर पिनांना सिलिकॉन ग्रीस; साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन जाम होते. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) असेल तर एक्सल लोंबता ठेवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची रबरी नळी ताणत नाही ना ते बघा.

ब्रेक ऑईल डॉट ४. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३०°, पाणी शोषल्यावर १५५° पर्यंत घसरू शकतो. करूळ घाट उतरताना वाफ होऊन पेडल खाली जातं ते यामुळेच. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचा क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं (मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तसं). पेडल दाबून धरलेलं असतानाच निप्पल (चाकापाशी हवा काढायचा स्क्रू) उघडायचा आणि बंद करायचा. डब्यातली पातळी किमान खुणेखाली जाऊ देऊ नका; डब्यातून हवा आत गेली की पुन्हा पहिल्यापासून.

शू आधी अ‍ॅडजस्ट, हँडब्रेकची केबल नंतर. उलटं केलं तर केबल शूंना धरून ठेवते आणि ड्रम तापतो.

बाकी काम: ब्रीदरची नळी चासीपर्यंत वर न्यायची.