तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात ऑनलाइन मास्टर्स काहून?

"आता मास्टर्स? तेही इन्फर्मेशन सिक्युरिटीत, तेही ऑनलाइन? काहून करून राहिली बाई?" हे माहेरी विचारून झालं, सासरी झालं, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये झालं, नवऱ्याच्या नागपूरच्या इतवारीतल्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनीही विचारलं. दर वेळी मी "शिकावंसं वाटलं" म्हणते आणि विषय बदलते, आणि मग घरी येऊन चिडचिड होते, कारण ते उत्तर खरं नाहीये.

परदेशात जायचं नाहीये. पगारवाढीचं कोणी कबूल केलेलं नाही. पुण्याला जाऊन रेग्युलर का नाही, तर दुकान इथे, पोरगं आठवीत, माझी नोकरी इथे, संपला विषय. आणि ऑनलाइन डिग्री "चालत नाही" म्हणणाऱ्यांनी जरा वाचा, युनिव्हर्सिट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीची ऑनलाइन डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरायची. हां, यूजीसीच्या २०२० च्या नियमांत इंजिनियरिंग ऑनलाइन शिकवता येत नाही, म्हणून माझी एमएस्सी आहे, एमटेक नाही.

खरा प्रश्न सर्टिफिकेटचा आहे, म्हणजे डिग्रीऐवजी या फील्डमधल्या सर्टिफिकेट परीक्षा का नाही दिल्या, आणि तो विचारणाऱ्यांमध्ये सगळ्यात पुढे मी स्वतःच होते. ज्युनियर पोरांना मीच सांगायची की डिग्रीचे पैसे वाचवा. ओएससीपी या हॅकिंगच्या सर्टिफिकेट परीक्षेत जवळजवळ चोवीस तास बसून खरी मशीन्स फोडावी लागतात, तिथे घोकंपट्टी चालत नाही. सीआयएसएसपी या सिक्युरिटीच्या सर्टिफिकेटला ५ वर्षांचा अनुभव मागतात आणि डिग्री असली तर त्यातलं फक्त १ वर्ष माफ करतात, म्हणजे या फील्डच्या लेखी डिग्रीची किंमत किती ते बघा, असं मी म्हणायची. आजही हा मुद्दा मला खोडता येत नाही.

पण मग ती सकाळ झाली.

तेव्हा मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलचं आयटी बघायची. पहाटे लॅबमधून फोन, "मॅडम, रिपोर्टच उघडून नाही राहिले." जाऊन बघते तर प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी, म्हणजे रॅन्समवेअर, फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम. नेटवर्कच्या वायरी उपटल्या. शॅडो कॉपी, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतो त्या जुन्या प्रती, उडवलेल्या, बॅकअपचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा स्टोरेज डबा, नेटवर्कवरच असल्याने तोही लॉक. पण दर आठवड्याला एक डिस्क काढून मी कपाटात ठेवायची, तिच्यावरून संध्याकाळपर्यंत रजिस्ट्रेशन आणि बिलिंग उभं केलं, मधल्या दिवसांचे रिपोर्ट कागदांवरून पुन्हा टाकायला लावले. लोक शाबासकी देत होते. दिल्लीचं एम्स नोव्हेंबर २०२२ मध्ये असंच बसलं तेव्हा कितीतरी दिवस कागदावर काम चाललं होतं, आपण एका दिवसात उठलो, असं सगळे म्हणत होते आणि मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

रात्री मीटिंग. डॉक्टरसाहेबांनी एकच विचारलं, "मॅडम, पेशंटची माहिती बाहेर गेली का?" चिठ्ठीत तर लिहिलं होतं की कॉपी आमच्याकडे आहे, पण असं ते खोटंही लिहितात. सॉफ्टवेअरवाल्या व्हेंडरने सपोर्टसाठी आरडीपीचा, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा, ३३८९ पोर्ट राउटरवर उघडा ठेवला होता, तो बंद करा म्हणून मी मेल केलेले होते, आजही दाखवू शकते. सर्व्हरचे पूर्ण हक्क त्यांच्याकडे, माझ्याकडे नाहीत. तरी त्यांचा माणूस फॉरमॅट मारायच्या आधी इव्हेंट लॉग, म्हणजे कॉम्प्युटर स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदी, तेवढे मी पेनड्राइव्हवर काढून घेतले होते. ते उघडले तर ४६२५, ४६२५, ४६२५, म्हणजे चुकलेल्या लॉगिनची रांग. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचा असतो, भरला की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहितो. पासवर्ड ठोकून बघणाऱ्या त्या प्रोग्रामनेच लॉग भरून टाकला होता आणि हॅकर पहिल्यांदा आत आला ती नोंद, ४६२४, लॉगॉन टाइप १०, म्हणजे दुरून यशस्वी झालेलं लॉगिन, केव्हाच पुसली गेली होती. राउटर तर काही लिहूनच ठेवत नव्हता.

मी म्हटलं, "सांगता येत नाही सर." व्हेंडरचा माणूस लगेच म्हणाला, "काही गेलेलं नाही सर, हे फक्त लॉक करतात." त्याच्याकडेही पुरावा नव्हता. पण त्याचं वाक्य मिनिट्समध्ये गेलं, माझं नाही.

दोन-तीन दिवसांनी काउंटरवर एक बाई आल्या. वंध्यत्वाची ट्रीटमेंट चालू होती, दोष नवऱ्यात होता आणि सासरी ते कोणालाच माहीत नव्हतं. सिस्टिम हॅक झाल्याचं त्यांना कुठूनतरी कळलं होतं. "ताई, माझी फाइल कोणाच्या हातात गेली का, एवढंच सांगा." मी म्हटलं चौकशी सुरू आहे. चौकशी कोणीच करत नव्हतं.

सर्ट-इनच्या, म्हणजे सायबर हल्ले बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. मी हे मीटिंगमध्ये बोलले तेव्हा "आपल्याला ते लागू नाही" म्हणून विषय मिटवला. लागू आहे की नाही यावर ठामपणे वाद घालण्याइतकं मला येत नव्हतं, आणि माझं ऐकावं असं त्या टेबलावर कोणाला वाटत नव्हतं.

तर उत्तर हे आहे. मला त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकायचं होतं, आणि हो, त्या टेबलावर वजनही हवं होतं. दोन्ही. दुसरं कारण मी घरात कोणाला बोलले नव्हते.

पहिल्याच वर्षात कळलं की लॉग पुसले तरी सगळं संपत नाही. विंडोज ज्या पद्धतीने डिस्कवर फाइली ठेवतो त्या एनटीएफएसची एमएफटी, म्हणजे सगळ्या फाइलींची यादी असते, यूएसएन जर्नल, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंदवही असते, डेटा बाहेर न्यायला कोणी मोठी झिप बनवून नंतर डिलीट केली असेल तर तिचं नाव आणि वेळ तिथे सापडू शकते. म्हणजे उत्तर कदाचित त्या डिस्कवर होतं, दुपारी फॉरमॅट होईपर्यंत. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता हॅश व्हॅल्यू, म्हणजे डेटाचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहावी लागते, म्हणजे डिस्कची इमेज, तिची हुबेहूब नक्कल, कशी काढली इथूनच कोर्टातली गोष्ट सुरू होते. फाइल सिस्टिम, क्रिप्टोग्राफी, कायदा हे एकाला एक लागून आहे, आणि असाइनमेंटची तारीख डोक्यावर असल्याशिवाय मी क्रिप्टोचं गणित कधीच केलं नसतं, रात्री अकरानंतर तर नाहीच.

जुनी मी यावर म्हणते, बाई, हे सगळं फॉरेन्सिक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरचे पुरावे शोधायच्या, एका छोट्या कोर्समध्ये मिळालं असतं, फीच्या दहाव्या हिश्शात. मिळालं असतंही. पण मी तो कोर्स करून आले असते तर व्हेंडरसमोर माझं वाक्य मिनिट्समध्ये गेलं असतं का? डिग्रीनेही जाईल का? मिहानमधल्या एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत डिग्रीबद्दल एक अक्षर विचारलं नाही, फक्त लॉग समोर ठेवून वाच म्हणाले. वाचता आले, ते डिग्रीमुळे की त्या सकाळमुळे, हे मला वेगळं करून सांगता येत नाही.

म्हणून तुमच्या पोरापोरींना माझं उदाहरण देऊ नका. त्यांना आधी नेटवर्किंग आणि लिनक्स करू द्या, आणि फी भरायचीच असेल तर युनिव्हर्सिटीला त्या सेशनसाठी तो कोर्स ऑनलाइन चालवायची परवानगी आहे का हे यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत बघून मगच भरा.